काटा रुतला नव्हताच!

आमची भाईंदरची इमारत आता पाडायची आहे. चाळीस वर्षांची झाली बिचारी. खाडीचं खारं वारं खाऊन खाऊन खांब सोलून निघाले होते. पुनर्विकासाच्या कागदांवर सह्या झाल्या आणि घराघरांतून आवराआवर सुरू झाली. घर बदलणं म्हणजे काय, ते आपल्या बायकांना सांगायला नको. माळ्यावरून काय काय निघतं! पाळण्याच्या कड्या, पितळी डबे, कुणाच्या तरी मुंजीतला पाट... आणि आमच्याकडे निघाली एक तसबीर. जुन्या चादरीत गुंडाळलेली, काचेला तडा गेलेली.

ही तसबीर सासूबाईंच्या माहेरची. वाईच्या घरात ओटीवर असायची म्हणे. वाटणीत भावांनी भांडी घेतली, जमीन घेतली. ह्यांनी तसबीर मागून घेतली. चित्र राजा रविवर्म्याचं, म्हणजे त्याच्या चित्राची छापील प्रत. रंग पिवळट पडलेले, कडेला पाणी उतरल्याचा डाग. पण चित्र ओळखू येत होतं. तुम्हीही ते कुठे ना कुठे पाहिलं असेलच. पायातला काटा काढण्याच्या निमित्ताने थांबलेली आणि मान वळवून मागे बघणारी शकुंतला.

"हे नव्या घरात नको हं," मी म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "नको कसं? बाहेरच्या खोलीतच लागेल." आमची लेक तिथेच खोक्यांवर नावं लिहीत बसली होती. तिने चित्र हातात घेतलं, नीट बघितलं आणि विचारलं, "आजी, ही बघतेय कुणाकडे? हीरो कुठाय?"

खरंच की! इतकी वर्षं तसबीर घरात होती आणि मला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

मग त्या दुपारी पॅकिंग राहिलं बाजूला. आम्ही तिघी ते चित्र मधे ठेवून बसलो.

गोष्ट आपल्याला माहीत आहे. कण्व मुनींच्या आश्रमात दुष्यंत राजा येतो, शकुंतलेला बघतो, तीही त्याला बघते. निघायची वेळ होते. सख्या पुढे चालू लागतात. शकुंतलेचा पाय काही निघत नाही. मग ती म्हणते, पायात दर्भाचं टोक रुतलं; वल्कल झाडाच्या फांदीला अडकलं. कालिदासाच्या 'शाकुंतला'त पहिल्या अंकाच्या शेवटी हा प्रसंग आहे आणि दुसऱ्या अंकात दुष्यंत आपल्या विदूषक मित्राला तो खुशीत सांगतो. म्हणजे राजाला बरोबर कळलं होतं की काटाबिटा काही नाही!

रविवर्म्याने नेमका हाच क्षण पकडला. आता चित्राची रचना बघा. बाकीच्या बायकांची चाल पुढची आहे. शकुंतलेचं शरीरही त्यांच्याबरोबर जायलाच निघालेलं आहे. एक हात सखीच्या खांद्यावर, दुसरा उचललेल्या पायाकडे. फक्त मान उलट दिशेला. साऱ्या चित्राचा जीव त्या एका वळणात आहे. हात पायाशी आहे, पण डोळे पायाकडे नाहीत. ज्याच्या पायात खरा काटा मोडतो तो आधी पायाकडे बघतो की नाही? स्वयंपाकघरात बोट कापलं तर आपण खिडकीबाहेर बघतो का?

आणि दुष्यंत? तो चित्रात नाहीच. ती चौकटीच्या बाहेर बघते आहे. तो तिकडे कुठेतरी, झाडाआड असणार. चित्र बघणारा माणूसही चौकटीबाहेरच उभा असतो. म्हणजे चित्रासमोर जो उभा राहील तो जवळजवळ दुष्यंताच्याच बाजूला जातो. बघायचं त्याने, आणि आपण दिसतोय हे ठाऊक असून लाजायचं तिने. शंभर वर्षं घराघरांतल्या ओट्यांवर पुरुष मंडळी या चित्रासमोर बसली, ती अशी.

आता खुणा बघा. तिच्या अंगावर दागिने आहेत ते फुलांचे. आश्रमकन्या ती, सोनं कुठून आणणार? पुढे सगळं ज्यावर अडतं ती अंगठी अजून बोटात यायची आहे. सख्या आहेत त्या गुपित राखणाऱ्या. आपल्या प्रत्येकीला अशी एक मैत्रीण होती, जिच्या खांद्यावर हात ठेवून आपण थांबलो. आणि मागे-पुढे ती काठी घेतलेली वयस्क बाई दिसते ना, ती गौतमी. आश्रमातली मोठी बाई. मुलींवर लक्ष ठेवणारी.

चित्रात प्रेमिक नाही, पण पहारा मात्र आहे! हे लक्षात आलं आणि मी जरा दचकलेच.

ही प्रत आली कुठून, त्याचीही एक गोष्ट आहे. रविवर्मा केरळातल्या किळिमानूरचा, जन्म १८४८ सालचा. राजेरजवाड्यांसाठी तैलचित्रं काढायचा. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठीही त्याने पुराणातल्या प्रसंगांची चित्रं केली. पण महालातलं चित्र सामान्य माणसाला कसं दिसणार? म्हणून १८९४ साली त्याने भावाच्या मदतीने मुंबईत छापखाना काढला. जर्मनीहून यंत्रं आणि कारागीर आणले. दगडावर चित्र उतरवायचं, रंगागणिक वेगळा दगड, आणि एकावर एक छाप घ्यायचे. या छापखान्यातून पहिलं चित्र निघालं तेही शकुंतलेच्याच जन्माचं. मुंबईत प्लेगची साथ आली, पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर जर्मन तंत्रज्ञ श्लायशर यांच्या मालकीचा झाला. १९७२ साली तिथे आग लागली आणि बरंच काही जळून गेलं. पण तोवर लक्ष्मी, सरस्वती, दमयंती आणि शकुंतला घराघरांत पोहोचल्या होत्या. बायका त्या चित्रांवर टिकल्या, जर, कापडाचे तुकडे चिकटवून त्यांना नटवायच्यासुद्धा.

आता जरा विचार करा. त्या काळी हे चित्र ज्या घरांत लागलं असेल, त्या घरांतल्या बायकांचं लग्न कसं झालं होतं? आठव्या वर्षी, नवव्या वर्षी. नवरा कोण हे बोहल्यावर कळायचं, तेसुद्धा अंतरपाट दूर झाल्यावर. मागे वळून बघायला कुणी होतंच कुठे! त्याच मुंबईत थोड्याच वर्षांपूर्वी रखमाबाईचा खटला गाजला होता. अकराव्या वर्षी लग्न लावून दिलेल्या या मुलीने मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. १८८४ साली नवरा कोर्टात गेला. १८८७ साली कोर्टाने हुकूम केला, नांदायला जा, नाहीतर तुरुंगात. रखमाबाई म्हणाली, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे ती विलायतेत शिकून डॉक्टर झाली. संमतीवयाचा कायदा आला तो १८९१ साली, आणि त्याने ते वय दहावरून नेलं किती? तर बारावर! तेवढ्यावरही केवढं वादळ उठलं होतं.

म्हणजे बघा, घरात बारा वर्षांच्या मुलीला "तुला तो आवडतो का?" असं विचारणं पाप होतं, आणि भिंतीवर मात्र आवडलेल्याकडे वळून बघणारी शकुंतला होती. लोक म्हणतात, ही जुन्या दिवसांची आठवण. पण कोणत्या जुन्या दिवसांची? हे दिवस त्या घरांत कधी आलेच नव्हते. जे आपल्याला मिळालं नाही, ते पुराणातलं म्हणून भिंतीवर लावलेलं चालत होतं.

नाटकातही तेच. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आलं आणि मराठी माणूस वेडा झाला. पण त्यात शकुंतला व्हायचे ते पुरुषच. बालगंधर्वांनी १९०५ साली मिरजेत किर्लोस्कर मंडळीत पाऊल टाकलं तेही शकुंतला होऊनच. प्रीतीची अदा शिकवायला पुरुष, बघायला पुरुष, आणि घरातल्या बाईने मात्र खालमानेने राहायचं.

हे सगळं मी लेकीला सांगत होते. सासूबाई गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मला पण काटा रुतला होता."

आम्ही दोघी बघतच राहिलो. सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. मामंजींना जाऊन दहा वर्षं झाली.

"बघायला आले होते हे. मी पोहे दिले, नमस्कार केला, मान वर केलीच नाही. आत आले नि मनात आलं, आता हो म्हणतील सगळे, आणि मी तर चेहराच बघितला नाही! मग आईला म्हटलं, पाणी द्यायचं राहिलं. तांब्या घेऊन परत बाहेर गेले. पाणी आधीच दिलेलं होतं. ह्यांनी मुकाट्याने दुसरा पेला घेतला. सगळा पिऊन टाकला."

सासूबाई हसल्या. पंचावन्न वर्षांपूर्वीचा तो तांब्या त्यांनी आजवर कुणाला सांगितला नव्हता. भावांशी भांडून ती तसबीर का मागून घेतली, ते मला त्या दिवशी कळलं.

माझी लेक उठली आणि आजीला मिठी मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि आई, तू माहितीये कोण आहेस? ती काठीवाली."

मला लागलं ते. खोटं का बोलू! पण खोटं नव्हतं. ती ऑफिसातून निघाली की माझा फोन. अंधेरी आली का? बोरिवली आली का? अजून दहिसरलाच? लोकलमधली प्रत्येक पंधरा मिनिटं मला हिशेबात हवी असतात. मी काळजी म्हणते, ती पहारा म्हणते.

तिने त्या संध्याकाळी मला सांगितलं. एक मुलगा आहे. दीड वर्ष झालं. वसईचा आहे, जातीचा नाही. 'ऑडिटमुळे उशीर' म्हणून जे जे मला सांगितलं होतं, त्यातलं अर्धं ऑडिट जेसल पार्कच्या चौपाटीवर झालं होतं. आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर!

जेसल पार्कची चौपाटी तुम्ही बघितली नसेल, तर सांगते. भाईंदर पूर्वेला खाडीच्या काठाने बसायची जागा आहे. समोर पाणी आणि वसईकडे जाणारा रेल्वेचा पूल. संध्याकाळी तिथे आजी-आजोबा असतात, भेळवाले असतात, आणि जोडपी असतात. ही जोडपी खाडीकडे तोंड करून बसतात. पाठ आपल्याकडे. मुलींनी ओढणी डोक्यावरून, तोंडावरून गुंडाळलेली. मी कितीदा तिथे फिरायला गेले आणि मनात म्हटलं, कुणाच्या पोरी या? घरी माहीत असेल का? आता वाटतं, मी कदाचित माझ्याच पोरीच्या पाठीमागून गेले असेन.

चित्रातल्या शकुंतलेने निदान मान तरी वळवली. आमच्या पोरींनी तोंडच झाकून घेतलं. सव्वाशे वर्षांत एवढाच फरक पडला का? वल्कलाच्या जागी ओढणी, दर्भाच्या जागी ऑडिट!

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलगा कोण, घर कसं, लोक काय म्हणतील, हे सगळं आलंच डोक्यात. मी काही फार मोठ्या मनाची बाई नाही. पण त्याहून जास्त एक गोष्ट टोचत राहिली. दीड वर्ष माझी लेक हे सगळं एकटीने वाहत होती. समजा तो मुलगा चांगला निघाला नसता, तर? ती कुणाकडे आली असती?

आणि इथे मला पुन्हा 'शाकुंतल' आठवलं. आपण पहिल्या अंकाच्या चित्राला भुलतो, पण पाचवा अंक विसरतो. सगळं लपूनछपून झालं. तिसऱ्या अंकात गौतमी येतेय असं दिसताच सख्या इशारा देतात, तोही आडून : चक्रवाकी, रात्र झाली, आपल्या जोडीदाराचा निरोप घे. गांधर्व विवाह झाला, त्याला वडीलधारा साक्षी कुणी नाही. पुरावा काय, तर एक अंगठी. ती शचीतीर्थावर पाण्यात पडली. भर दरबारात राजा म्हणाला, मी हिला ओळखत नाही. तेव्हा गुपित जाणणाऱ्या सख्या तिकडे आश्रमात होत्या. शकुंतलेच्या शेजारी उभी होती ती गौतमीच! जिच्यापासून सगळं लपवलं, तीच. आणि तिला बोलायला काय उरलं होतं? एवढंच, की हिने वडीलधाऱ्यांना विचारलं नाही नि तुम्हीही हिच्या माणसांना विचारलं नाहीत, आता आम्ही मधे काय बोलावं!

लपवण्यात दोघंही असतात, पण निस्तरावं लागतं मुलीला. काट्याचा नायटा होतो तो तिच्याच पायात.

याच शकुंतलेची आणखी एक गोष्ट आपल्याला फारशी कुणी सांगत नाही. महाभारताच्या आदिपर्वात ती आहे, कालिदासाच्या कितीतरी आधीची. तिथे ना काटा आहे, ना अंगठी, ना दुर्वासाचा शाप. तिथली शकुंतला राजाला लग्नाआधीच अट घालते. माझा मुलगा युवराज झाला पाहिजे, कबूल असेल तर हो. आणि पुढे राजा दरबारात ओळख नाकारतो, तेव्हा ती रडत बसत नाही. त्याला खडे बोल सुनावते. इतिहासकार रोमिला थापर यांनी १९९९ साली शकुंतलेवर एक पूर्ण पुस्तकच लिहिलं. एकच बाई काळागणिक कशी बदलत गेली, ते त्यात दाखवलं आहे. थेट बोलणारी शकुंतला मागे पडली, लाजणारी पुढे आली, आणि आपल्या भिंतीवर लागली ती लाजणारी.

म्हणजे काय, हे चित्र वाईट आहे? फेकून द्यायचं? मुळीच नाही. मला तर ते आता पूर्वीपेक्षा जास्त आवडायला लागलं आहे. कारण त्यात एक मुलगी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आपल्या मनाचं करून घेते आहे. जेवढी जागा मिळाली तेवढ्यात. माझ्या सासूबाईंना एका तांब्याएवढी जागा मिळाली, त्यांनी ती वापरली. त्यांचं कौतुकच आहे. पण आजच्या मुलीला आपण तेवढीच जागा द्यायची का?

मुलगी बोलावी असं वाटत असेल तर काठी खाली ठेवायला हवी. काठी ठेवली म्हणजे लक्ष काढून घेतलं असं नाही. तो मुलगा काय करतो, रागावला की कसा वागतो, लग्नानंतर तुझी नोकरी चालेल का, तुझा पगार कुणाच्या हातात जाईल, हे प्रश्न आईने विचारायचेच. मुलीनेही त्याला विचारायचे, महाभारतातल्या शकुंतलेसारखे, आधी. आणि लग्न ठरलंच तर अंगठीच्या भरवशावर राहायचं नाही. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा कायदा १९९८ सालचा आहे. नोंदणीचा दाखला माशाने गिळला तरी दुसरी प्रत मिळते!

रविवर्म्याचं आणखी एक चित्र आहे, १८७६ सालचं. त्यात शकुंतला रानात गवतावर पालथी पडून कमळाच्या पानावर पत्र लिहिते आहे. जवळ सख्या आहेत. ते चित्र तेव्हाच्या मद्रासच्या गव्हर्नरने विकत घेतलं होतं. लेकीने ते मोबाइलवर शोधून आजीला दाखवलं. त्यात ती कुणाकडे बघत नाही, काही बहाणा करत नाही. आपल्या मनात काय आहे ते लिहिते आहे. रविवर्मा जन्मला त्याच १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली होती. लिहिता येणाऱ्या मुलीला काट्याची गरज कमी पडते, नाही का?

पुढच्या रविवारी तो मुलगा आमच्याकडे आला. खोक्यांच्या गराड्यात, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर अवघडून बसला. मी पोहे केले, पण ते लेकीच्या हातून पाठवले नाहीत, मीच दिले. लेक त्याच्या समोर बसली आणि सरळ बोलत होती. माझं मन अजून पुरतं तयार नाही, ह्यांचं तर मुळीच नाही. होईल की नाही, आत्ता सांगता येणार नाही. पण आता जे होईल ते घरात, आमच्यासमोर होईल.

सासूबाईंनी मात्र आतून हाक मारली, "अगं, त्याला पाणी दिलंस का?" लेक म्हणाली, "दिलं आजी!" तरी त्या तांब्या घेऊन बाहेर आल्याच. त्यालाही तिसऱ्यांदा पाणी प्यावं लागलं.

तसबिरीची काच नवीन बसवून आणली आहे. भाड्याच्या घरात ती सध्या बाहेरच्या खोलीत आहे.

तुमच्याही माहेरी, सासरी अशी एखादी तसबीर असेल. नसली तरी आई असेल, आजी असेल, सासू असेल. सवड काढून त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "तुम्हाला कुठला काटा रुतला होता?" आणि मग जरा धीर करून आपल्या लेकीलाही विचारा. तिचं उत्तर ऐकून घ्यायची तयारी मात्र ठेवा.